डॉक्टर नांदायला गेले

सिनेमा संपला आणि तिचा ईमेल आला, ‘पण त्या आजी तर आमच्या गावात राहायच्या.’

मी संगमनेरला, रात्रीचे साडेअकरा वाजलेले. ती दालियानला, तिथे दोन. दालियान म्हणजे चीनच्या ईशान्येला समुद्रात घुसलेल्या द्वीपकल्पाच्या टोकावरचं बंदर. लोकवस्ती सत्तर लाखांच्या वर, तरी ती त्याला गावच म्हणते. मीही नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या ठिकाणाला शहर म्हणतो, त्यामुळे हिशेब बरोबर होतो.

सिनेमा होता व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, १९४६चा. फाइलचे तुकडे करून मी तिला ईमेलनं पाठवले होते. यूट्यूब तिच्याकडे बंद, वीचॅट माझ्याकडे बंद. सगळे तुकडे पोचायला दोन दिवस लागले. संवादांचा सारांश मी मोडक्या चिनीत वेगळा लिहून दिला. हेतू साधा होता. सोलापूरचा एक मराठी डॉक्टर चीनला गेला, तिथल्या मुलीच्या प्रेमात पडला, लग्न केलं, आणि त्यावर मराठी माणसानं सिनेमा काढला. म्हणजे आपल्याआधी कुणीतरी ही वाट तुडवलेली आहे, असं मला तिला दाखवायचं होतं. थोडक्यात, मी सिनेमा वशिल्यासारखा लावत होतो.

तिला कोटणीस शाळेपासून माहीत होते. चीनमध्ये त्यांना ख तिहुआ म्हणतात. तिनं सिनेमा नीट पाहिला, आणि शेवटावर बोट ठेवलं. मी हा सिनेमा त्याआधी तीनदा पाहिला होता. तिन्ही वेळा त्या शेवटाला माझे डोळे भरून आले होते आणि तिन्ही वेळा मला त्यात काही खटकलं नव्हतं.

शेवट असा आहे. डॉक्टर मरणाच्या दारात आहे. चिनी बायको, चिंग लान, जवळ बसली आहे. तो तिला सोलापूरचं आपलं घर सांगू लागतो. तू तिथे पोचशील तेव्हा काय दिसेल, कोण भेटेल, दारात काय असेल. बोलता बोलता तो संपतो, आणि त्याच्या शब्दांमागून ती खरोखरच तान्ह्या मुलाला घेऊन त्या घराच्या दारात येते. शांतारामांच्या सगळ्या कामात मला हा तुकडा फार मोठा वाटतो. मरणाऱ्या माणसाला स्वर्ग दिसत नाही, वाडा दिसतो. परदेशात एकटं आजारी पडलेल्या कुणालाही हे कळेल.

फक्त ते घडलेलं नाही. ज्यांच्यावरून चिंग लान बेतली, त्या ग्वो छिंगलान नवऱ्याच्या मृत्यूनंतर मूल घेऊन सोलापूरला नांदायला आल्या नाहीत. त्या आपल्या देशात राहिल्या. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. भारतात त्या नंतर अनेकदा आल्या, कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटल्या, आपल्या आठवणींचं पुस्तकही केलं. पण आल्या त्या पाहुण्या म्हणून. २०१२च्या जूनमध्ये, ९६ व्या वर्षी, त्या दालियानमध्ये वारल्या.

‘मग सिनेमात त्यांना तिकडे का नेलं?’ तिनं विचारलं. मी लिहिलं, सिनेमा आहे, थोडं स्वातंत्र्य घेतात. ती म्हणाली, ‘हो, पण याच बाबतीत का?’

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला मी दिलेलं लांबलेलं उत्तर आहे. तेव्हा मला ते देता आलं नव्हतं.

आधी कोटणीस. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, जन्म सोलापूरचा, १९१०चा. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर चिनी सेनानी चू द यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. १९३८च्या सप्टेंबरात ते समुद्रमार्गे दक्षिण चीनमध्ये कँटनला पोचले. पुढे चौघे यथावकाश परतले. कोटणीस राहिले. वडील वारल्याची बातमी तिकडेच कळली, तरी राहिले. उत्तर चीनच्या डोंगराळ भागातल्या, आघाडीजवळच्या रुग्णालयात काम केलं, नॉर्मन बेथून या कॅनेडियन सर्जनच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४१च्या अखेरीस तिथेच शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ला फेफऱ्याच्या झटक्यांनी ते गेले. वय ३२.

सिनेमा ज्या पुस्तकावरून निघाला ते ख्वाजा अहमद अब्बास यांचं. पटकथेतही ते होते, सोबत व्ही. पी. साठे. पुस्तकाचं नाव ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’. एक जण परत आला नाही. हे नाव मुंबईच्या धक्क्यावर उभं राहून ठेवलेलं आहे. जो थांबला त्याची ओळख ‘न परतलेला’ अशी. छिंगलान यांच्या बाजूनं पुस्तकाला नाव द्यायचं झालं असतं तर ‘एक जण राहिला’ असं झालं असतं. अब्बासांना दोष देण्याचं कारण नाही. १९४४ साली, देश पारतंत्र्यात असताना, हरवलेल्या मुलासारखा तो माणूस त्यांना वाटला असणार. पण सिनेमा हीच कळ घेऊन पुढे जातो. मुलगा परत आला नाही ना, मग निदान सून आणू, नातू आणू. शेवटचं दृश्य ही भरपाई आहे.

भरपाई देताना जे कापलं गेलं ते माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात मोठं आहे. ते म्हणजे भाषा.

छिंगलान यांनी कोटणीसांना पहिल्यांदा पाहिलं ते बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात. त्यांचं लक्ष वेधलं गेलं त्याचं एक कारण असं की हा परदेशी डॉक्टर चिनी बोलत होता, लिहीतही होता. नुसतं ‘कसे आहात’ एवढं नाही. ते चिनीतून शिकवत. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रक्रियेची क्रमिक पुस्तकं लिहायला घेतली होती. सोलापुरातून निघालेल्या माणसानं तीन-चार वर्षांत, बॉम्ब पडत असताना, दुखापती शिवता शिवता, हे केलं. चिनी शिकायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही विचारा, हे किती अवघड आहे. मी एकदा तिला ‘तुला एक विचारायचंय’ असं म्हणायला गेलो. चिनीत ‘विचारणं’ आणि ‘मुका घेणं’ हे दोन्ही ‘वन’. फरक सुराचा. सूर चुकला. ओळख होऊन तीन आठवडे झाले होते. ती चोवीस तास ऑफलाइन गेली.

सिनेमात ही सगळी खटपट नाही. चीनमध्ये सगळे हिंदी बोलतात. चिंग लानच्या भूमिकेत जयश्री आहेत, डोळ्यांना मेकअप, केसांची चिनी बांधणी, आणि तोंडी स्वच्छ हिंदी. शांताराम स्वतःच डॉक्टर. म्हणजे पडद्यावरचं हे दोन देशांचं जोडपं प्रत्यक्षात नवरा-बायको होतं आणि घरी आपल्याच भाषेत बोलत असणार. १९४६च्या प्रेक्षकाला चिनी संवाद दाखवता येत नव्हते, हे मान्य. खालच्या पट्ट्या वाचणारा प्रेक्षक तेव्हा नव्हता. पण अडखळणं दाखवता आलं असतं. एक शब्द चुकला, एक सुधारला, दोघं हसली, एवढं मूकपटाच्या काळातला दिग्दर्शकही दाखवू शकला असता, आणि शांताराम त्याच काळातून आलेले. त्यांना ते सुचलं नाही असं मला वाटत नाही. गरज वाटली नसावी. कारण कहाणी त्यागाची होती. त्यागाच्या कहाणीत माणूस इंजेक्शन टोचून घेतो, साथीशी लढतो, शत्रूच्या हाती सापडतो. वही घेऊन रात्री अक्षरं गिरवत बसलेला नायक त्यात बसत नाही. प्रेमाच्या कहाणीत मात्र तोच बसतो.

आणखी एक गोष्ट सिनेमाला हाताळता आली नाही. त्या पथकातल्या पाचही डॉक्टरांनी चिनी नावं घेतली, आणि पाचही नावांच्या शेवटी ‘हुआ’ जोडलं. हुआ म्हणजे चीन. ख तिहुआ हे त्यांतलं एक. पुढे मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. माझ्या बहिणीचं लिहिलं तेव्हा मी ताट धरलं होतं. नवरदेवाचं नाव कुणी तांदळात लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. कोटणीसांचं लिहिलं गेलं. सासरचं नाव, सासरची भाषा, सासरचं अन्न, आणि शेवटी सासरचीच माती. मराठीत याला एक नेमकं क्रियापद आहे. नांदणं. आणि ते आपण फक्त बाईसाठी ठेवलेलं आहे. पोरगी नांदायला जाते. नांदत नसेल तर बैठक बसते. पुरुष कधी नांदायला जात नाही. तो फार तर घरजावई होतो, आणि तो शब्द कुठल्या सुरात उच्चारतात ते सांगायला नको. त्याला चार सूर लागत नाहीत, एकच पुरतो.

डॉ. कोटणीस चीनमध्ये नांदले. हे वाक्य शांतारामांना सिनेमात म्हणता आलं नाही, म्हणून त्यांनी चिंग लानला सोलापूरला नांदायला आणलं. तिच्या ‘याच बाबतीत का’ला आज मी हे उत्तर देईन.

आणि हे १९४६चंच आहे असं समजू नका. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका तरुणानं चिनी मुलीशी लग्न केलं. गावी मराठी पद्धतीनं सोहळा झाला. बातम्या आल्या, व्हिडिओ आले, आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ मला उद्देशून चार वेगवेगळ्या मावश्यांनी टाकला. जोडप्याविषयी मला काही म्हणायचं नाही, त्यांचं भलं होवो. मला त्या प्रकारच्या बातमीविषयी बोलायचंय, कारण तो एक साहित्यप्रकारच झालाय. बातमीचा विषय कुणीही असो, रशियन, जर्मन, चिनी, तिचे टप्पे ठरलेले. ‘सातासमुद्रापार’ हा शब्द पहिल्या दोन ओळींत. मग प्रेमाला सीमा नसते. मग नऊवारी. मग हातात हिरवा चुडा, मग उखाणा, मग ‘सूनबाईंना पुरणपोळी फार आवडली’. सून मराठी शिकतेय, हे वाक्य कौतुकानं येतं. मुलगा तिची भाषा कुठवर शिकला, हे सहसा येत नाही. जिथे तो वर्षानुवर्षं राहिला, जिथे त्याला कामावर ठेवलं, घरी जेवायला बोलावलं, तो देश बातमीत नुसता ‘सातासमुद्रापार’ असतो. त्याला गल्ल्या नसतात, सासूबाई नसतात. शांतारामांनी निदान चीनचा सेट उभारला होता.

याच चष्म्यातून अपर्णा सेन यांचा ‘द जॅपनीज वाइफ’ पाहा. २०१०चा, कुणाल बसू यांच्या कथेवरून. सुंदरबनातला शाळामास्तर आणि जपानमधली मुलगी, पत्रांतून ओळख, पत्रांतून लग्न, भेट कधीच नाही. इंटरनेटच्या आधीचं ऑनलाइन प्रेम म्हणा. या सिनेमात अडखळणं आहे. दोघांचंही इंग्रजी मोडकं आहे आणि सिनेमा ते लपवत नाही. जपानहून आलेल्या पतंगांचा प्रसंग तर लहान पोरासारखा निरागस आहे. पण शेवटी काय होतं? तो मरतो, आणि ती येते. पांढरं लुगडं, डोक्यावरचे केस काढलेले. म्हणजे ती बाई समुद्र ओलांडते ती विधवा म्हणून. चिंग लानसारखीच. परदेशी बाईला आपल्या घरात पाऊल टाकायला आपल्या कथाकारांनी एवढंच दार ठेवलेलं दिसतं, एक तर हळदीचं किंवा सुतकाचं. दृश्य अतिशय सुंदर टिपलेलं आहे, आणि मला म्हणूनच त्याचा जास्त राग येतो.

पुरुष गेल्याची गोष्ट आपल्याकडे आहे, पण ती तुरुंगाची आहे. मुंबईचा हमीद अन्सारी. फेसबुकवर पाकिस्तानातल्या कोहाटच्या मुलीशी ओळख. व्हिसा मिळेना. २०१२च्या नोव्हेंबरात काबूलमार्गे तो विना कागदपत्रांचा पाकिस्तानात शिरला, कोहाटला पकडला गेला. लष्करी न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा दिली. १८ डिसेंबर २०१८ला तो वाघा ओलांडून परत आला, सहा वर्षांनी. त्याचा माग काढणारी लाहोरची पत्रकार झीनत शहजादी मधल्या काळात दोन वर्षं बेपत्ता होती. हमीदचं पुस्तक गीता मोहन यांच्यासोबत २०२०मध्ये इंग्रजीत आलं. त्याच्या उपशीर्षकात बंदिवास आहे, तगून राहणं आहे, सुटका आहे. प्रेम हा शब्द नाही. प्रामाणिक शीर्षक आहे ते. ज्या कारणासाठी तो निघाला ते कारण सहा वर्षांच्या भिंतीआड गेलं, आणि उरली ती त्याच्या आईची, फौजिया अन्सारींची लढाई. त्याच २०२०च्या जुलैत उस्मानाबादचा एक विशीतला मुलगा कराचीच्या मैत्रिणीसाठी मोबाइलवरचा नकाशा लावून मोटरसायकलनं कच्छच्या रणात पोचला. सीमेच्या अलीकडे गाडी वाळूत रुतली, आणि सीमा सुरक्षा दलाला तो तहानेनं अर्धमेला सापडला. व्हॉट्सॲपवर लोक पोट धरून हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोला. मग फोन पालथा ठेवून बराच वेळ बसून राहिलो. माझ्याकडे दालियानपर्यंतचा नकाशा सेव्ह होता.

कारण तेव्हा आमचंही कापलं गेलेलं होतं. आमची ओळख २०१९मध्ये भाषा शिकवायच्या एका ॲपवर झाली. मला चिनी शिकायचं होतं, चिनी येत असेल तर पगारात वाढ मिळते असं कुणीतरी सांगितलं होतं. (मिळत नाही.) मग वीचॅट. १५ जून २०२०ला गलवान झालं. २९ जूनला भारत सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात वीचॅट होतं. आमच्या घरात टिकटॉक गेल्याचं दुःख मोठं होतं, त्यात माझं खपून गेलं. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, गुगल तिच्याकडे आधीपासूनच बंद. म्हणजे जगातल्या दोन सगळ्यात मोठ्या देशांतल्या दोन माणसांना बोलायला एकही सामायिक जागा उरली नाही. गलवानमध्ये वीस जवान गेलेले असताना हे दुःख कुणाला सांगणार? कुणी विचारलं असतं तर मलाच लाज वाटली असती. एकविसाव्या शतकातली दोन माणसं ईमेलवर आली. पत्रं लिहू लागली.

इथे मला नगरचा किल्ला सांगायलाच हवा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, बोलण्यात अजून नगर येतं, सवय जाईल हळूहळू. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. शाळेच्या सहलीत सगळ्यांना नेतात, नेहरूंची खोली दाखवतात. ९ ऑगस्ट १९४२ला पकडलेल्या काँग्रेसच्या नेत्यांना इथे आणलं होतं, आणि नेहरू २८ मार्च १९४५पर्यंत इथे होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं, त्यात भारत आणि चीन यांच्या जुन्या येण्याजाण्यावर बरंच काही आहे. ज्यांनी कोटणीसांना चीनला पाठवलं ते नेहरू, कोटणीस वारले तेव्हा आमच्या नगरला कोंडलेले होते. हे कुठल्याही सहलीत सांगत नाहीत.

पण माझा किल्ल्यातला आवडता लेखक दुसरा आहे. मौलाना आझाद. ‘गुबार-ए-खातिर’. हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला लिहिलेली पत्रं, जी टपालात पडणार नाहीत हे लिहिणाऱ्याला पहिल्या पानापासून ठाऊक आहे. पहाटे तीन-चारला उठायचं, स्वतः चहा करायचा, आणि न पोचणारं पत्र लिहायला बसायचं. चहा चिनी. चमेलीचा, व्हाइट जॅस्मिन. आझादांचा चहावरचा मजकूर म्हणजे समीक्षाच आहे. चहा हा चीनचा, चीननं तो कसा प्यायला ते पाहा, आणि आपण लोक त्यात दूध-साखर घालून त्याचं काय करतो, याची त्यांनी यथेच्छ टर उडवली आहे. मी तिला हे पान सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘हा माणूस आमच्याकडे सहज खपला असता.’

पुस्तकातला एक भाग मात्र मी तिला सांगितला नाही. आझाद कोंडलेले असताना त्यांची पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी पडली आणि १९४३च्या एप्रिलमध्ये गेली. सरकारकडे सवलत मागायची नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं. मागितली नाही. त्याविषयीचं पत्रही त्या मित्रालाच लिहिलेलं आहे. चहावर, चिमण्यांवर, संगीतावर पसरट, रमत गमत लिहिणारा हा लेखक तिथे शब्द मोजू लागतो. घरातून निघतानाचा निरोप, येणाऱ्या तारा, आपलं वरवरचं शांत राहणं. स्वतःच्या धीराचं त्याला कौतुक नाही, उलट तो धीर किती नाटकी होता हे तो तपासत बसतो. आमच्या जिल्ह्यात लिहिलं गेलेलं सगळ्यात चांगलं प्रेमाचं पान मला हे वाटतं, आणि ते जिच्याविषयी आहे तिला ते लिहिलेलं नाही. ‘गुबार-ए-खातिर’, ‘डिस्कव्हरी’ आणि शांतारामांचा ‘कोटणीस’ तिन्ही १९४६मध्ये लोकांसमोर आले. पहिल्यात कुणीच कुणाच्या घरी पोचत नाही. म्हणून तिसऱ्यापेक्षा ते मला खरं वाटतं.

ईमेलच्या त्या वर्षांत मी हे पुस्तक उशाशी ठेवलं. देवनागरीतली प्रत, तळटीपांसकट. न पोचणारं पत्रही नीट लिहावं, एवढं त्यातून घेतलं. माझं चिनी वीचॅटवर चार वर्षांत सुधारलं नसतं तेवढं ईमेलवर दीड वर्षात सुधारलं, कारण स्टिकर पाठवून वेळ मारून नेता येत नव्हती.

मग आईचा प्रश्न सुरू झाला. आईला तिच्याविषयी सांगितलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘कधी आणतोस तिला?’ आमच्याकडे हा होकार असतो, आणि मला तो फार मोठा वाटला, वाटतो. पण शब्द पाहा. आणतोस. मी तिला समजावलं की आणता येत नाही. भारतानं चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा देणं बंद केलंय. (ते २०२०पासून बंद होतं, २०२५च्या जुलैत पुन्हा सुरू झालं.) मला मात्र तिकडचा व्हिसा मिळत होता. म्हणजे सरकारी नियमांनीच कहाणी उलटी फिरवली होती. सून आणायची सोयच नव्हती. जायचं असेल तर मुलानं जायचं.

२०२४च्या शरद ऋतूत मी गेलो. मुंबई, हाँगकाँग, दालियान. प्रवासवर्णन लिहीत नाही, त्यासाठी मीना प्रभूंचं ‘चिनी माती’ आहे. एवढंच सांगतो की शहर रशियनांनी आखलं, जपान्यांनी चाळीस वर्षं चालवलं, आणि जपानी काळापासूनची ट्राम अजून धावते. ती ट्रामच्या थांब्यावर उभी होती. पाच वर्षं पडद्यावर पाहिलेला माणूस प्रत्यक्षात उंचीनं वेगळा निघतो. आम्ही दोघं एकमेकांना पाहून आधी फोनकडेच बघितलं.

पहिल्याच दिवशी घरी जेवायला बोलावलं. मी चिनीत तयार केलेली चार वाक्यं होती. तिच्या वडिलांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि भराभर बोलू लागले, त्यातलं मला निम्मंही कळलं नाही. ईमेलचं चिनी तोंडाला येत नाही, हे तिथे कळलं. ताटात काय आहे ते विचारताना मी सूर चुकवला, तिची आजी हसून खुर्चीवरून पडायची राहिली. नऊवारी नेसून परक्या घरात उखाणा घेणाऱ्या त्या मुलींचा व्हिडिओ मला तेव्हा आठवला. सगळे प्रेमानं पाहताहेत, सगळे हसताहेत, आणि आपण एक शब्द बरोबर म्हणावा म्हणून घाम फुटलाय. चार मावश्यांनी पाठवलेला तो व्हिडिओ मी चारदा पाहिला होता, पण त्यातल्या मुलीच्या जागी स्वतःला कधी ठेवलं नव्हतं. आजीनं मला एक चिनी नाव दिलं. दोन अक्षरं. ‘हुआ’ त्यात नाही, बरं झालं.

समुद्रावर आम्ही वारा खात ग्वो छिंगलान यांच्याविषयी बोललो. तिला त्या आजींचं नंतरचं आयुष्य जास्त महत्त्वाचं वाटत होतं. कोटणीसांसोबतचा संसार वर्षभराचा, त्यानंतरची जवळपास सत्तर वर्षं. यिनहुआ वैद्यकीचं शिक्षण घेत असताना १९६७मध्ये गेला. तरी ही बाई जगली, भारताचं कुणी आलं की भेटली, आणि पुन्हा आपल्या घरी गेली. तिच्या मते खरा सिनेमा त्याचा व्हायला हवा. म्हटलं, त्यात नायक कुठाय? ती म्हणाली, ‘गरज काय?’

निघायच्या आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल झाला. व्हीपीएन लावून, अडकत अडकत. इकडे तिची आई, तिकडे माझी आई स्वयंपाकघरात, मागे कुकर. दोघींनी एकाच वेळी एकच प्रश्न विचारला, जेवलात का. चिनीतही भेटल्यावर हेच विचारतात, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही आणि दोघी खूश झाल्या. मग माझ्या आईनं विचारलं, ‘मग कधी पाठवताय पोरीला?’ त्याच दमात तिच्या आईनं मला विचारलं, इथे राहायला कधी येणार, खोली रिकामीच आहे.

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मी दोघींनाही सांगितलं, आवाज तुटतोय.